चाळीस सेकंदांची बातमी : नागपुरातल्या एका विज्ञान श्रुतिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातल्या आमच्या हौशी नाट्यगटाने गेल्या वर्षी सहा भागांची एक विज्ञान श्रुतिका केली. साल २०६८, शहर आपलंच, आणि माणसावर उलटलेले प्राणी. गटात आम्ही सात जण, ध्वनीची बाजू माझ्याकडे. या लेखात मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, वस्तीचंही नाही. ज्यांना आमच्यामुळे त्रास झाला त्यांना पुन्हा चर्चेत ओढायचं नाही. बाकी जसं घडलं तसं लिहितो आहे.

कल्पना लेखिकेची. पेंचच्या जंगलात गाइड जिप्सी बंद करायला लावतात आणि सगळ्यांना गप्प बसवून ‘कॉल’ ऐकतात. वाघ-बिबट्याची चाहूल लागली की झाडावरचं वानर खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ शीळ घातल्यासारखं, तर सांबर एकच ठोक आवाज काढतं. कुणी ओरडलं, कुठून ओरडलं, यावरून गाइड वाघाची वाट ओळखतात. लेखिकेच्या डोक्यात प्रश्न आला, की हा कॉल एक दिवस वाघाऐवजी माणसासाठी सुरू झाला तर?

कल्पनेला विज्ञानाचा आधार होता, म्हणून तर आम्ही सगळे तिच्या प्रेमात पडलो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर परिसरातला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणवठ्यांजवळ स्पीकर लपवून प्राण्यांना कधी सिंहाचा आवाज ऐकवला, कधी माणसांचं साधं बोलणं. जवळपास ९५ टक्के प्रजाती सिंहापेक्षा माणसाच्या आवाजाला जास्त बुजल्या. ओरडणं नाही, धमकावणं नाही, आपण चहा घेताना बोलतो तसं बोलणं! कावळ्यांचं उदाहरण त्याहून जुनं. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये एक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करत, आणि त्यात कधीच न पकडलेले कावळेही असत. आमच्या कथेत चेहरे लक्षात ठेवायचं काम कावळ्यांचं, आणि ते चेहरे जंगलभर पोहोचवायचं काम वानरांचं.

पहिला मोठा निर्णय : डरकाळी काढून टाकली

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण पुढची चूक इथल्या यशातून जन्मली.

प्राण्यांची गोष्ट म्हटल्यावर आधी डरकाळीच सुचते. मी तीच केली. वाघाच्या डरकाळीत २० हर्ट्झच्या खालचे, माणसाच्या कानाला न कळणारे सूरही असतात, आणि जे ऐकू येतं तेही बरंचसं खर्जातलं. चांगल्या हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा आला. मग दिग्दर्शकांनी ती आपल्या मोबाइलच्या स्पीकरवर लावली. कुणीतरी घसा साफ केल्यासारखं वाजलं. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज बाहेर येतच नाही, आणि आमचे बहुतेक श्रोते स्वयंपाक करताना, फोन ओट्यावर ठेवून ऐकणार होते.

मग उलट विचार केला. नागपूरकराला उन्हाळ्यात कूलरची घरघर ऐकू येत नाही, इतकी ती अंगवळणी पडलेली असते. पहिल्या भागात सुरुवातीपासून कूलर चालू ठेवला. आठव्या मिनिटाला वीज जाते. पंखा मंदावत थांबतो, ताट्यांमधून पाणी टपकत राहतं, आणि इतका वेळ घरघरीखाली दबलेलं सगळं एकदम उघडं पडतं. गच्चीवरच्या पत्र्यावर एक पाऊल. मग दुसरं. मग पाण्याच्या टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज. यात डरकाळी कुठेच नव्हती, तरी लोक घाबरले.

ध्वनिमुद्रण एप्रिल-मे मध्ये, रात्री दोन ते पाच. आमचा कूलर बंद, खिडक्यांना गाद्या लावलेल्या, आणि शेजारचं कुटुंब लग्नाला गावी गेलेले दिवस गाठलेले. कावळ्यांच्या पंखांसाठी जुनी छत्री भराभर उघडायची-मिटायची. जंगलातल्या पावलांसाठी सागाची वाळकी पानं पोत्यात भरून आणली होती. वानरांचे खरे आवाज शहराच्या कडेच्या झाडीत पहाटे जाऊन टिपले. हातात खाऊ न्यायचा नाही आणि फोनवर कॉल वाजवून त्यांना बोलवायचं नाही, हे दोन नियम लेखिकेने आधीच घातले होते आणि आम्ही ते पाळले. प्राण्यांच्या बाबतीत इतकी काळजी घेणारे आम्ही, माणसांच्या बाबतीत मात्र विसरलो.

अडचण

दुसरा भाग एका बातमीपत्राने सुरू होत होता. वाचणारे काका अनेक वर्षं रेडिओवर निवेदक होते. शब्द न ओढता, स्वर न चढवता बातमी कशी वाचतात ते त्यांच्याकडून शिकावं. मजकूर असा :

‘शहराच्या पश्चिम भागात कुत्री पिसाळल्याच्या घटना कालपासून वाढल्या आहेत. फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा परिसरात वानरांच्या टोळ्या वस्तीत शिरत आहेत. नागरिकांनी अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नये, लहान मुलांना एकटं सोडू नये.’

बातमी आणि नागरिकांसाठीची सूचना मिळून चाळीस सेकंद. लेखिकेचं म्हणणं होतं, की बातमीत साल यायला हवं. दिग्दर्शक म्हणाले, खऱ्या बातमीपत्रात कुणी साल सांगतं का? मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो. कूलरच्या प्रसंगाने मला शिकवलं होतं की ओळखीचा आवाज सगळ्यात जास्त घाबरवतो. ओळखीची ठिकाणं, ओळखीची वाचनशैली, पाठीमागे काही संगीत नाही. ध्वनी म्हणून ते निर्दोष होतं, आणि घोळ तिथेच होता.

जुलैमध्ये भाग प्रसिद्ध झाला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तेवढीच चाळीस सेकंदं कापून व्हॉट्सॲपवर टाकली. कुणी टाकली ते कधीच कळलं नाही आणि आम्ही शोधतही बसलो नाही. संध्याकाळपर्यंत ती पश्चिम नागपुरातल्या बऱ्याच गृहसंस्थांच्या ग्रुपवर फिरली. लोकांना खरी का वाटली, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. मे २०२१ मध्ये आयटी पार्कजवळच्या वस्तीत खरोखरच बिबट्या दिसला होता. चंद्रपूर, यवतमाळकडच्या नातेवाइकांकडून वाघाच्या हल्ल्याची बातमी ऐकली नाही असं घर विदर्भात विरळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका ताईंचा फोन आला. त्यांच्या वस्तीतल्या कुणीतरी काकांचा आवाज ओळखला होता आणि तिथून माझा नंबर निघाला होता. “भाऊ, तुम्ही लोकं हे काय करून राहिले? पोट्टे काठ्या घेऊन फिरून राहिले इथं. माह्या कुत्र्याचा पाय मोडला त्यायनं.”

मी आणि दिग्दर्शक गेलो. कुत्रा तांबूस, वयाने बराच, हातठेल्याखाली पोत्यावर पडलेला. मागचा डावा पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. समोर दुधात कुस्करलेली पोळी, तिच्यावर माशा. ताई म्हणाल्या, रात्री तो झोपलेला होता. झोपलेलाच मारला. मी जवळ गेलो तर त्याने शेपूट एकदा जमिनीवर आपटलं.

या प्रकरणाबद्दल बोलताना मला त्या शेपटीपलीकडे नीट जाता येत नाही, म्हणून ते लिहून ठेवतो.

एक शब्द

नंतर मजकूर पुन्हा वाचला तेव्हा सगळ्यात जास्त टोचला तो ‘पिसाळणे’ हा शब्द. कुत्रं पिसाळलं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात रेबीज येतो, आणि पाठोपाठ काठी. आम्हाला कथेत रेबीज म्हणायचंच नव्हतं. कुत्री ठरवून माणसापासून दूर होतात, असं कथेत होतं. पण बातमीच्या लयीत ‘पिसाळल्याच्या घटना’ चपखल बसलं, आणि सात जणांपैकी कुणालाच ते खटकलं नाही. मलाही नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली. बीडचं प्रकरण आम्हाला ठाऊक होतं. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरांनी सूड म्हणून २५० कुत्री मारली, अशी बातमी जगभर फिरली. नागपूरहून गेलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरं पकडली. कुत्र्याची पिल्लं मेली होती हे खरं. पण वानरं ती पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेत होती. तिथून पडून किंवा दुधावाचून ती दगावत होती, असं जाणकारांनी सांगितलं. सूडाची कथा आणि तो आकडा गाव ओलांडल्यावर फुगत गेला. लेखिकेने पहिल्याच बैठकीत हे सगळं फळ्यावर लिहिलं होतं. प्राण्यांच्या सूडाची गोष्ट लोकांना किती पटकन खरी वाटते, याचा धडा डोळ्यांसमोर असताना आम्ही तशीच बातमी तयार केली.

समोर असलेले पर्याय

त्याच रात्री गच्चीवर बसलो. दोघांचं मत पडलं, की मालिका थांबवावी. एकाचं मत अगदी उलट, आणि ते त्याने मनापासून मांडलं. त्याच्या मते क्लिप पसरली याचा अर्थ काम जमलं. खुलासा करावा, पण मजकुराला हात लावू नये, नाहीतर उद्या कुणी भयकथा लिहूच शकणार नाही. हे मत उडवून लावण्यासारखं नव्हतं.

दिग्दर्शकांनी अमेरिकेतलं उदाहरण काढलं. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी तिथे मंगळवासीयांच्या स्वारीचं रेडिओ नाटक बातमीपत्राच्या रूपात लागलं आणि लोक घाबरल्याच्या बातम्या छापून आल्या. ती घबराट वृत्तपत्रांनी बरीच फुगवली होती, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. दिग्दर्शकांचा मुद्दा असा, की तिथे सुरुवातीला हे नाटक आहे असं सांगितलेलं होतं. ज्यांनी रेडिओ उशिरा लावला त्यांचा गोंधळ झाला. आपणही भागाच्या आरंभी सूचना दिली होतीच की.

त्यावर काका बोलले. सबंध बैठकीत ते एवढंच बोलले. “बापू, फोनवर आलेली क्लिप ऐकणारा प्रत्येक माणूस उशिरानंच रेडिओ लावत असतो.”

त्यानंतर आरंभीच्या सूचनेवर विसंबायचा पर्याय आपोआप गळाला. उरले दोन : मालिका बंद करणं, किंवा थांबवून पुन्हा लिहिणं. बंद केली तर क्लिप मात्र फिरतच राहणार आणि तिच्यामागची खरी गोष्ट दाखवायलाही काही उरणार नाही, या विचाराने आम्ही दुसरा पर्याय घेतला. एकमत झालं नाही. एक जण त्या रात्री गट सोडून गेला.

काय केलं

दुसरा भाग तासाभरात काढून टाकला. मग काकांच्याच आवाजात वीस सेकंदांचा खुलासा ध्वनिमुद्रित केला : ‘तुम्ही ऐकलेली बातमी मी वाचली आहे. ती एका नाटकातली आहे. आपल्या वस्तीतली कुत्री कालच्यासारखीच आहेत.’ लेखी खुलासा करण्यापेक्षा तोच आवाज पाठवणं योग्य, हा लेखिकेचा आग्रह होता आणि तो बरोबर ठरला. ज्या आवाजावर लोकांनी विश्वास ठेवला, त्याच आवाजाने तो विश्वास परत सोडवून घेतला. तरी सगळीकडे तो पोहोचला नाही. एका ग्रुपच्या ॲडमिनने ‘विषय संपला आहे’ म्हणून टाकायला नकार दिला.

कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, पायाला प्लास्टर झालं, खर्च गटाने केला. ताईंनी पैसे आमच्या हातातून घेतले नाहीत. परस्पर दवाखान्यात भरा म्हणाल्या. ज्या पोरांनी मारलं होतं त्यांच्याशी आम्ही बोललो. चौघंही पंधरा-सोळा वर्षांचे. घरातल्या लहान भावंडांना राखायला निघालो होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना क्लिप कशी तयार झाली ते माझ्या लॅपटॉपवर दाखवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांच्यातला एक जण काकांच्या आवाजाचा तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसला.

पंधरा दिवस मालिका बंद ठेवली आणि बातमीपत्र नव्याने लिहिलं. साल आता पहिल्याच वाक्यात येतं. तिसऱ्या वाक्यात फुटाळ्यावरच्या तरंगत्या मेट्रो स्थानकाचा उल्लेख आहे. असं स्थानक नाही, हे कुठल्याही नागपूरकराला माहीत आहे. कुठूनही दहा सेकंदं कापली तरी आजच्या शहरात न बसणारं काहीतरी त्यात सापडेल, अशी कसोटी लावली. माझी भीती होती की यामुळे धार जाईल. थोडी गेली, ते मान्य करतो.

पण ‘पिसाळणे’ काढल्यावर त्या जागी काय घालायचं, या प्रश्नाने कथाच बदलली. नव्या मजकुरात कुत्री हल्ला करत नाहीत. माणसं ‘यू यू’ करून बोलावतात आणि शहरातलं एकही कुत्रं वळून बघत नाही. बस, एवढंच. ते लिहिल्यावर आम्हाला कळलं की आधीची आमची गोष्ट उथळ होती.

शेवटचा भाग : बैल

मूळ संहितेत सहाव्या भागात पोळ्याच्या गर्दीत बैल उधळतात, तोरण तोडतात, माणसं चेंगरतात, असं होतं. श्रावणात लेखिका कळमेश्वर तालुक्यात आपल्या गावी गेली आणि हा प्रसंग तिने आजीला वाचून दाखवला. आजी म्हणाली, “बैल कायले मारते माणसाले? तो नुसता बसला तरी तुमचं सपलं.”

बैल बसला, म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही विचारा. नांगर भर वावरात उभा, पाऊस तोंडावर आलेला, आणि बैल बसलेला. मार, शेपटी पिरगळ, हाका मार, तो उठत नाही.

लेखिकेने प्रसंग फिरवला. २०६८ सालचा पोळा. गावात उरलेल्या चार जोड्या तोरणाखाली उभ्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, पूजा झाली, आता पोळा फुटायचा, म्हणजे तोरण तुटून बैल सुटायचे. आणि आठही बैल एकापाठोपाठ एक खाली बसतात. पोळा फुटतच नाही.

त्याचा आवाज खरा हवा होता. खांदेमळणीच्या संध्याकाळी आम्ही तिच्या गावी गेलो. तिचे काका बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावत ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणत होते; ते तसंच टिपलं. मग तासभर गोठ्यात माइक धरून बसलो. बैल बसतो तेव्हा आधी पुढचे गुडघे टेकतो. घुंगरमाळ एकदाच, आडवीतिडवी वाजते, मागचं धूड जमिनीला लागतं आणि नाकातून लांब श्वास सुटतो. त्यानंतर काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ मला अकरा सेकंद हवं होतं. दिग्दर्शक म्हणाले, लोकांना वाटेल फोन अडकला. शेवटी एक माशी आणि दूरवरचा भोंगा तेवढा ठेवला. अकरा सेकंद टिकले. रात्रभर संकलन करून पोळ्याच्या संध्याकाळी भाग लावला.

निष्पत्ती

मालिका पूर्ण झाली. सहाव्या भागाबद्दल जितकी माणसं आवर्जून बोलली तितकी पहिल्या पाचांबद्दल मिळून बोलली नसतील, आणि त्यांत घाबरलो असं म्हणणारे थोडे. गप्प झालो म्हणणारे जास्त. कुत्रा लंगडतो. ताई अजूनही आमची मालिका ऐकत नाहीत, आणि त्यांनी ऐकावी असं आम्ही त्यांना पुन्हा म्हटलेलं नाही. गट सोडून गेलेला मित्र परत आला नाही. संहितेबद्दलचा त्याचा आक्षेप आजही मला पूर्ण खोडून काढता येत नाही. भयकथेला प्रत्येक दहा सेकंदांनी आपली ओळख सांगावी लागणं, हा लेखनावरचा भारच आहे. फक्त त्या हातठेल्याखाली जाऊन आल्यावर मी तो भार उचलायला तयार आहे.

वेगळं काय करता आलं असतं

लेखिकेचा आक्षेप पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही त्यावर मतदान घेतलं आणि तो पाच विरुद्ध दोन असा पडला. शंका काढणाऱ्याला मतांनी हरवणं ही चूक होती. तिची शंका दूर होईपर्यंत तो भाग बाजूला ठेवायला हवा होता. दुसरं, भाग प्रसिद्ध करण्याआधी चाळीस सेकंदांचा तो तुकडा गटाबाहेरच्या दोन माणसांना काहीही न सांगता ऐकवला असता, तर उत्तर पाच मिनिटांत मिळालं असतं. आता आम्ही प्रत्येक भागाचे तीन तुकडे असे ऐकवून बघतो. आणि खऱ्या वस्त्यांची नावं. शहर आपलं असावं यासाठी ती घातली होती, पण कूलरने ते काम पहिल्याच भागात केलं होतं. नावांची गरज नव्हती.

क्लिप अजून फिरते आहे. दिवाळीत वर्ध्याहून मावशीचा निरोप आला, खाली तीच चाळीस सेकंदं आणि ‘तुमच्याकडे जपून राहा रे बाबा’. मी लगेच फोन केला, ती बातमी आम्हीच तयार केली होती हे सांगितलं, सगळं सांगितलं, कुत्र्याचंही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्या इथल्या बायांना पाठवली रे मी. थांब, आता एकेकीला फोन करते.”